निक्रोमची कॉइल सारखी तुटायची, मुळाशी निघालं गंधक

छोट्या इलेक्ट्रिक भट्टीची कॉइल, म्हणजे निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तापणारी तार, सारखी तुटत होती. व्होल्टेज, कनेक्शन सगळं ठीक. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं तेव्हा उलगडा झाला: तारेवर राखाडी फोड आलेले, आणि एका जागी धातू वितळून थेंब गोठलेला. निक्रोम वितळतं १४०० अंशांच्या आसपास, आणि मी भट्टी चालवतो ९०० वर!

एरवी या तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि पुढचं ऑक्सिडेशन अगदी मंदावतं. गंधक त्या थराच्या भेगांतून आत शिरतं, निकेलचं सल्फाइड करतं, आणि निकेल व सल्फाइडचं मिश्रण ६५० अंशांच्या आतच पातळ होतं. खालचा धातूच वितळला तर वरचा थर टिकणार कसा?

गंधक येत होतं भट्टीत तापवायच्या पार्टवरच्या कटिंग ऑइलमधून (धातू कापताना वापरतात ते तेल). आता पार्ट सॉल्व्हंटने धुऊन, वाळवूनच आत जातात. नवी तार लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमची घेतली. हवेत गंधकापुढे ती जास्त तग धरते. आधी रिकाम्या भट्टीत, हवा खेळती ठेवून, काही तास तापवली, म्हणजे अॅल्युमिनाचा (अॅल्युमिनियम ऑक्साइडचा) थर नीट बसतो. एकदा तापल्यावर मात्र ती ठिसूळ होते, त्यामुळे गार असताना तिला वाकवायला जाऊ नका.