वाडीतल्या मुलांना धंद्याला कसं लावायचं

वाडीतल्या मुलामुलींनी गावातच काहीतरी उभं करावं, असं मनापासून वाटत असेल तर व्याख्यान ठेवू नका. पाहुणा येतो, बड्या उद्योगपतींच्या गोष्टी सांगतो, शाल-श्रीफळ घेऊन जातो. मुलं होती तिथेच राहतात. ‘कुठल्या योजनेला किती सबसिडी’ इथूनही सुरुवात नको. सबसिडी मिळते म्हणून घेतलेली यंत्रं पडवीत गंजताना मी पुष्कळ पाहिली आहेत.

चार-पाच जण, एक माल, एक हंगाम. एवढंच ठरवा. मी कोकम सरबताचं उदाहरण घेतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी एप्रिल-मेमध्ये पिकलेले कितीतरी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडाखालीच सडतात आणि पहिल्या पावसात उरलेले जातात.

माल कसा करायचा ते घरातल्या आजीला विचारा. फळं फोडायची, सालं बरणीत साखरेच्या थरांत घालायची, साखर विरघळली की गाळायचं. बिया फेकू नका. वाळवून ठेवल्या तर त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, निघतं. अन्न सुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते, ती विक्रीआधी करा आणि तिचा क्रमांक लेबलवर छापा.

आता दर. इथे मात्र घाई नको. मला स्वतःला हाच टप्पा सर्वांत जड गेला, आणि बहुतेक गट इथेच मोडतात.

मुलांना दर विचारला की ती शेजारच्या दुकानातली बाटली बघून दहा रुपये कमी सांगतात. हिशेब मागितला की उत्तर ठरलेलं: “घरचेच रातांबे आसत, तेंचे कसले पैसे?” हे वाक्य ऐकलं की मी वही पुढे सरकवतो आणि सगळ्यांसमोर लिहायला लावतो.

समजा, एक लिटरच्या ४० बाटल्या केल्या. साखर, मीठ, जिरं बाटलीमागे ४० रुपये. बाटली, झाकण, लेबल, खोका ३० रुपये. मुलांच्या मते खर्च इथे संपला, म्हणून १२० ला विकली की ५० सुटले. खोटं आहे ते. रातांबे बाजारात विकले असते तर जे आले असते, ते धरा २५. तिघं दोन दिवस राबली, म्हणजे सहा मजुऱ्या. ५०० रुपयांनी ३,०००, बाटलीमागे ७५. टेम्पो, चवीला दिलेलं, सांडलेलं मिळून १५. बेरीज १८५. म्हणजे १२० ला विकलेल्या प्रत्येक बाटलीत ६५ रुपये गेले, आणि ते गेलेले दिसतही नाहीत, कारण ते स्वतःच्या घामाचे असतात. दोन हंगाम असे गेले की मुलं म्हणतात, धंद्यात काही नाही, आणि कोणाच्या तरी ओळखीने वसई-विरारची खोली गाठतात.

दुकानदार २० टक्के घेणार असेल तर २४० ला लावलेल्या बाटलीचे हाती १९२ येतात. सुटतात फक्त सात. म्हणून निम्मा तरी माल थेट विका. मेमध्ये आणि गणपतीत चाकरमानी येतात, किनाऱ्यावरच्या न्याहारी-निवासवाल्यांकडे पर्यटक असतात.

मजुरी लिहायला मुलं लाजतात, आईबाप तर चिडतात: “घरच्या कामाची मजुरी?” तिथे मागे हटू नका. आईने बसून रातांबे फोडले असतील, बोटं लाल झाली असतील, तर तिचंही नाव वहीत हवं. ती मजुरी वहीत नसेल तर आईचं काम फुकट धरलं गेलं, आणि फुकटच्या कामावर उभा राहिलेला धंदा ती आजारी पडली की बंद होतो.

आणि स्वस्त देऊन गिऱ्हाईक जोडा, हा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून द्या. स्वस्तासाठी आलेलं गिऱ्हाईक दर वाढला की जातं. दर योग्य ठेवा, चवीला पेलाभर सरबत फुकट द्या.

उधारी नाही. मामालाही नाही. द्यायचीच असेल तर बाटली भेट द्या आणि वहीत ‘भेट’ लिहा.

पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे. दर रविवारी दोन्ही जुळवा.

एक हंगाम असा वहीवर निघाला की मग कर्जाचं बोला. तालुका कृषी कार्यालयात सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेची चौकशी करा: प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, आणि किमान १० टक्के स्वतःचे. हे अनुदान रोख हातात पडत नाही. ते कर्जखात्याशी जोडलेलं असतं आणि तीन वर्षं खातं नीट चाललं तरच कर्जात वळतं होतं. म्हणून हप्ता ठरवताना अनुदान धरू नका. वहीतल्या नफ्यातून पावसाळ्यातही भरता येईल एवढंच कर्ज मागा.