नोव्ही-कॅन्टनकडे नव्यानं आलेल्यांसाठी: मुलांच्या शाळेतले ऑनलाइन कोर्स

दर उन्हाळ्यात मिशिगनमधल्या नोव्ही, कॅन्टन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या भागात मराठी कुटुंबं नव्यानं येतात. कुणी गाड्यांच्या कंपनीत, कुणी त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे, बाकीचे आयटीत. मुलं सातवी ते अकरावीच्या मधली असली की पहिल्या महिन्याभरातच विचारणा होते, "इथे शाळेचे विषय ऑनलाइन करता येतात म्हणे, मग घालूया का?" उत्तर हो आहे आणि नाहीही आहे. इथे मी बरीच वर्षं राहते, माझी दोन मुलं याच सरकारी शाळांतून शिकली, आणि त्याच त्या चुका दरवर्षी नवी माणसं करताना बघते. म्हणून हे लिहिलं.

नाव घालायचे कागद सोपे आहेत: घराचा भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल, मुलाचा जन्मदाखला, लसींची नोंद. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत म्हणून बिचकू नका. मुलाच्या इमिग्रेशनच्या स्थितीवरून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, तसा सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे. मूल भारतात नववी किंवा त्यापुढे शिकून आलं असेल तर गुणपत्रिकेबरोबर त्या वर्षाचा अभ्यासक्रमही आणा. नववीपासून इथे क्रेडिट (पुऱ्या केलेल्या विषयांची मोजणी) धरली जातात, आणि काय शिकून झालंय हे काउन्सेलरला (विषय निवडीत मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला) कागदावर दिसलं तरच ती क्रेडिट मिळतात. मराठी माध्यमाची गुणपत्रिका असेल तर तिचं प्रमाणित भाषांतर करून घ्या.

आता ऑनलाइनकडे वळते. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लोक एकाच नावानं बोलतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एक म्हणजे मूल आपल्या नेहमीच्या शाळेतच राहतं आणि सहा विषयांपैकी एखाददुसरा ऑनलाइन घेतं. दुसरी म्हणजे शाळेतून नाव काढून पूर्णवेळ सायबर स्कूलमध्ये घालणं. या सायबर शाळाही सरकारी पैशानेच चालतात, फी नसते, पण त्या वेगळ्या शाळा आहेत. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) दृष्टीने मूल शाळा सोडून गेलेलं असतं. आणि करोनाच्या काळात आपण जे झूमवर पाहिलं ते यातलं काहीच नाही, ते डोक्यातून काढून टाका.

पहिल्या प्रकाराबद्दल मी मनापासून सांगेन: हा तुमचा हक्क आहे, वापरा. मिशिगनच्या शाळा-अनुदान कायद्यात २१ एफ नावाचं कलम आहे, २०१३ पासूनचं. सहावी ते बारावीच्या मुलाला पालकांच्या संमतीने एका सत्रात दोन ऑनलाइन कोर्स मागता येतात आणि खर्च डिस्ट्रिक्ट करतो. राज्याकडून एका मुलामागे जी मूळ रक्कम डिस्ट्रिक्टसाठी ठरलेली असते तिच्या ६.६७ टक्क्यांपर्यंतचा खर्च एका सेमिस्टरच्या (अर्ध्या वर्षाच्या) कोर्ससाठी त्यांच्यावर आहे, वरचा फरक पालकांनी भरायची तयारी दाखवली तर महागडा कोर्सही घेता येतो. कोर्स कुठले आहेत याची राज्यभराची एक यादी आहे, त्यात डिस्ट्रिक्टचे स्वतःचे कोर्स असतात आणि मिशिगन व्हर्च्युअलचेही. ही संस्था १९९८ मध्ये राज्याने उभी केली आणि तिचं काम चांगलं आहे. दोनापेक्षा जास्त कोर्स हवे असतील तर शाळा, पालक आणि मूल तिघांनी मिळून ठरवावं लागतं आणि तसा शैक्षणिक आराखडा लिहावा लागतो. उन्हाळ्यातल्या कोर्सचे पैसे मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच भरावे लागतात.

हे सगळं शाळा आपणहून समोर बसवून समजावत नाही. मुद्दाम लपवतात असं नाही. एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. आपल्याकडे ओळखीने, भेटून, चहा पिऊन जी कामं होतात ती इथे लेखी मागणीने होतात. ईमेल करा. कोर्सचं नाव, कुठल्या संस्थेचा, कुठल्या सत्रासाठी, आणि २१ एफ खाली मागतो आहे, हे चार मुद्दे त्यात हवेत. मुदत पाळा. नेहमीचे विषय निवडायची आणि बदलायची जी तारीख असते तीच यालाही लागू होते आणि पुढच्या वर्षाची निवड बऱ्याच शाळांत हिवाळ्यातच होते. ऑगस्टमध्ये जागे होणारे पालक दरवर्षी निराश होतात.

शाळा नाही म्हणू शकते, पण वाटेल त्या कारणासाठी नाही. तो विषय मुलाचा आधीच झाला असेल, क्रेडिट मिळणारा नसेल, हायस्कूल पुरं करायच्या उरलेल्या अटींत किंवा मुलाच्या पुढच्या वाटेत बसत नसेल, त्याला लागणारं आधीचं ज्ञान नसेल, त्याच विषयाच्या ऑनलाइन कोर्समध्ये मूल पूर्वी नापास झालं असेल, कोर्सचा दर्जा पुरेसा नसेल, मुदत उलटली असेल, अशी कारणं कायद्यात लिहून ठेवली आहेत. "आमच्याकडे हा विषय वर्गात शिकवतात" हे त्यात नाही. नकार लेखी मागा. पटला नाही तर वरच्या, काउंटीच्या पातळीवरच्या इंटरमीडिएट डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटना (प्रमुखांना) पत्र लिहिता येतं, ओकलंड काउंटीत ओकलंड स्कूल्स, वेन काउंटीत वेन रेसा. पाच दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. आपले लोक इथे कचरतात. "नको बाई, मुलावर राग काढतील" असं मला किती जणींनी म्हटलंय. इतक्या वर्षांत तसं झालेलं मी पाहिलेलं नाही. नियम दाखवून सभ्यपणे मागणाऱ्या पालकाचा इथे मान राखला जातो, ही या देशातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे.

कुठला विषय घ्यावा? पहिल्या सत्रात कुठलाच नाही. मुलाला आधी लॉकर उघडता येऊ दे, जेवणाच्या सुट्टीत कुणाशेजारी बसायचं ते कळू दे. शाळा घरच्या भाषेचा फॉर्म देईल, त्यात मराठी आहे तर मराठीच लिहा. मग विडा नावाची इंग्रजीची चाचणी होईल. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या आईवडिलांना तो अपमान वाटतो. तसा तो मानू नका. मदतीची गरज निघाली तर ती शाळेतल्या शिक्षकांकडून, समोरासमोर घ्या.

दुसऱ्या सत्रापासून एक विषय घ्या, एकच. राज्यातल्या ऑनलाइन कोर्सचे वार्षिक अहवाल निघतात आणि त्यांतून सारखं हेच दिसतं की एकदोन कोर्स घेणारी मुलं बरीच चांगली पास होतात आणि पाचसहा घेणारी मोठ्या संख्येने गळतात. आरोग्य किंवा शारीरिक शिक्षणासारखा विषय ऑनलाइन करून ऑर्केस्ट्रासाठी तास मोकळा करणं, शाळेत नसलेली जपानी किंवा लॅटिन घेणं, शाळेत न मिळणारा एपी (कॉलेजच्या पातळीचा) विषय घेणं, हे सगळे चांगले उपयोग आहेत.

आपल्या पालकांचा पहिला हट्ट गणिताचा असतो. "आमच्याकडे हे सातवीतच झालं." झालं असेल, पण मग त्यासाठी ऑनलाइन कोर्स कशाला? मिशिगनच्या कायद्याप्रमाणे हायस्कूलच्या कुठल्याही विषयाची अंतिम परीक्षा मुलाने सी प्लस किंवा वरच्या श्रेणीने दिली की शाळेने त्या विषयाचं क्रेडिट द्यायचं असतं, कोर्स न करता. ते फक्त पास म्हणून लागतं, जीपीएमध्ये (श्रेणींच्या सरासरीत) धरत नाहीत. तारखा ठरलेल्या असतात, काउन्सेलरला विचारा. भाषेचंही असंच बघा. हायस्कूल पुरं करायला दुसऱ्या भाषेची दोन क्रेडिट लागतात. दहावी-अकरावीत आलेल्या मुलाला लोक घाईने ऑनलाइन स्पॅनिशला बसवतात. त्याआधी विचारा, की मराठीतलं प्रावीण्य दाखवून ही अट पुरी होईल का आणि तुमचा डिस्ट्रिक्ट ते कसं तपासतो. कायद्यात तशी वाट आहे. मुलाला मराठी लिहिता-वाचता येतं ही इथे हिशोबात येणारी गोष्ट आहे, ती तुम्हीच आधी कमी लेखू नका.

कोर्स सुरू झाला की शाळा एक मेंटर नेमून देते. शिकवणारे शिक्षक दूर असतात, मेंटर शाळेतला असतो. मूल किती वेळा लॉगिन झालं, किती मागे पडलं, हे त्याला दिसतं. त्याच्याशी ओळख ठेवा. आणि ऑक्टोबर-फेब्रुवारीचे आठवडे लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी राज्यभर पटमोजणी होते, शाळेचं अनुदान त्यावर ठरतं. वर्गातलं मूल हजर दिसतं, पण ऑनलाइन विषयासाठी त्या आठवड्यात आणि पुढचे तीन आठवडे शिक्षक किंवा मेंटरशी दर आठवड्याला दोन्ही बाजूंनी झालेलं संभाषण नोंदवावं लागतं. मुलांना त्यासाठी आलेला निरोप बिनकामाचा वाटतो आणि ती उत्तर देत नाहीत. उत्तर द्यायला लावा.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. पूर्णवेळ सायबर स्कूलमध्ये वर्षाच्या मध्यात जाऊ नका. पुन्हा लिहिते, वर्षाच्या मध्यात जाऊ नका.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब जानेवारीत आलं. मुलगी दहावीत, थंडी कडक, शाळेत कुणी बोलेना, मुलगी रोज रडायची. आईवडिलांनी जाहिरात पाहिली आणि आठवड्याभरात नाव काढून पूर्णवेळ ऑनलाइन शाळेत घातलं. दोघे नोकरीवर, मुलगी दिवसभर घरी एकटी. अशा शाळेत घरातल्या एका मोठ्या माणसाने रोज जवळ बसून वेळापत्रक सांभाळायचं असतं, त्याला लर्निंग कोच म्हणतात, आणि ते नाव घालताना सही करून कबूल केलेलं असतं. ते कुणी वाचलं नव्हतं. एप्रिलमध्ये मुलगी चार विषयांत मागे होती. परत जुन्या शाळेत नेलं, तर तिथे ट्रायमेस्टर (वर्षाचे तीन भाग) आणि ऑनलाइन शाळेत सेमिस्टर (दोन भाग). अर्धवट सेमिस्टरचं क्रेडिट कुठेच धरलं गेलं नाही. सगळा उन्हाळा आणि चांगलेच पैसे घालून तिने राहिलेले विषय पुरे केले, आणि अकरावीत ती वर्गातल्या मुलांच्या मागेच राहिली. मुलगी हुशार होती. तिला पंधरा दिवस काउन्सेलरजवळ बसू दिलं असतं, एखाद्या क्लबात घातलं असतं, तर हे टळलं असतं.

पूर्णवेळ ऑनलाइन कुणासाठी योग्य आहे? आजारी मुलासाठी, खेळाच्या किंवा नृत्याच्या गंभीर तयारीत असलेल्यासाठी, शाळेत खरोखर छळ झालेल्यासाठी. पण तेव्हाही घरात दिवसा माणूस हवं आणि बदल वर्षाच्या सुरुवातीला करावा. राज्याच्या चाचण्या चुकत नाहीत, एम-स्टेप आणि अकरावीची एसएटी ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावीच लागते. आणि नाव काढण्याआधी जुन्या शाळेकडून लेखी घ्या, की परत आल्यास कुठली क्रेडिट धरतील.

दुसरी ताकीद भारतवारीची. "ऑनलाइन आहे, मग तीन महिने पुण्याला आजीकडे राहू" हे मी दरवर्षी ऐकते. ही शाळा मिशिगनमध्ये राहणाऱ्या मुलांसाठी आहे, तिचा पैसा त्यासाठी येतो. उन्हाळी वेळेत साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, म्हणजे इथला सकाळचा तास तिथे संध्याकाळी आणि इथला दुपारचा तास मध्यरात्री. देखरेखीखालच्या परीक्षा तिथून देता येतीलच असं नाही. शिवाय व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं की तीन महिन्यांचे पाच होतात. पटमोजणीच्या दिवशी मूल कारण न कळवता गैरहजर असेल तर शाळेच्या दहा दिवसांत, रजा कळवलेली असेल तर तीस दिवसांत परतावं लागतं, नाहीतर शाळेला त्याचं अनुदान मिळत नाही. जायचंच असेल तर जून ते ऑगस्टमध्ये जा. घरात आजारपण असेल तर आधी शाळेला खरं सांगा, शाळा माणुसकीने वागतात.

आणि मुलाची क्विझ तुम्ही सोडवू नका. हे लिहायला वाईट वाटतं, पण शेजारी बसून उत्तरं सांगणारे बाबा मी पाहिलेत, आणि व्हॉट्सॲपवर मोठ्या मुलांच्या जुन्या असाइनमेंट फिरवणाऱ्या आयाही. आपल्याकडे मदत म्हणून जे चालतं ते इथे फसवणूक धरतात. शून्य मिळतं, नोंद होते, आणि पुढे कॉलेजसाठी शिफारसपत्र लिहिणारा हाच काउन्सेलर असतो. मूल अडलं तर शिक्षकाला निरोप पाठवायला शिकवा. ऑनलाइन शिक्षक उत्तर देतात, पण विचारलं तरच.

मुदत संपायच्या आत कोर्स सोडला तर गुणपत्रिकेवर काही राहत नाही, नंतर सोडला तर राहू शकतं. ही तारीख पहिल्याच दिवशी मेंटरकडून लिहून घ्या. एपी विषय ऑनलाइन घेतला असेल तर मे महिन्यातली परीक्षा आपोआप ठरत नाही. तुमच्या शाळेच्या एपी समन्वयकाला सप्टेंबरमध्येच सांगा की आमच्या मुलाची परीक्षा इथे मागवा. नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच असते, त्यानंतर उशिराचा दंड भरावा लागतो.