जुनी सिंगल माल्ट चाखायची कशी?

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. पंचवीस वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली अशी व्हिस्की दहा मिनिटांत संपवू नये. तिला वेळ द्यावा लागतो. उदाहरणाला ग्लेनफार्कलास २५ घेऊ. स्कॉटलंडच्या स्पेसाइडमधली ही डिस्टिलरी १८६५ पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे आणि शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांसाठी ओळखली जाते. लेबलवरचा आकडा आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो. बाटलीत भरल्यावर मुरणं थांबतं, त्यामुळे कपाटात ठेवून वय वाढत नाही.

बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. बऱ्याच वर्षांनी उघडताना आधी क्षणभर कलती करून बूच ओलं करा, मग हळूहळू फिरवत काढा.

तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा ग्लास घ्या. पंचवीस मिली पुरे. खोलीत अगरबत्ती नको, स्वयंपाकघरात फोडणी नको, मनगटावर अत्तर नको. रंगावरून वय ठरवू नका, कारण स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे.

आता ग्लास दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. वर्षाला एक मिनिट असा हिशेब धरणारे रसिकही आहेत.

खरी चव नाकातच कळते. ग्लास हनुवटीपासून सावकाश वर आणा, ओठ किंचित उघडे ठेवा. नाक आत खुपसलं तर नुसतं अल्कोहोल झोंबतं. थांबा, पुन्हा हुंगा. मनुका, खारीक, संत्र्याची साल, अक्रोड, जायफळ, जुन्या शिसवी कपाटाचा वास... जे आठवेल ते मनात नोंदवा. इंग्रजी वर्णनांत फ्रूट केक लिहिलेलं असतं. तुम्हाला आजीच्या डब्यातली सुंठ आठवली तर तीच तुमची खरी नोंद.

पहिला घोट अगदी छोटा, बिनपाण्याचा. तोंडात दहा सेकंद घोळवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. मागे काय आणि किती वेळ रेंगाळतं, तिकडे लक्ष द्या.

मग पाणी, पण थेंबाथेंबाने. पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते आणि स्कॉटलंडच्या दमट हवेत अल्कोहोलचं प्रमाणही उतरत जातं. ते ४० टक्क्यांखाली गेलं तर तिला स्कॉच म्हणून विकता येत नाही. ग्लेनफार्कलास २५ बाटलीत येते ती ४३ टक्क्यांची, म्हणजे मुळातच मवाळ; चार थेंबांपुढे गेलात तर ती पातळ पडते. बर्फ तर माझ्या मते नकोच, गारठ्याने वास मिटून जातो. तिखट चकणाही नंतरच.

रिकामा ग्लास रात्री धुऊ नका. सकाळी हुंगून पाहा: अल्कोहोल गेलेलं असतं, उरतं ते ओकचं लाकूड आणि काकवीसारखा गोडवा.