पणजोबांची जन्मनोंद सापडत नाही तेव्हा : जुन्या दप्तरांतील शोधाची रीत

वंशावळ लिहू लागले की बहुतेक घरांत शोध आजोबा-पणजोबांच्या पिढीपाशी येऊन अडतो. नाव ठाऊक असते, गाव ठाऊक असते, वडीलधाऱ्यांनी सांगितलेले अंदाजे सालही असते. परंतु तहसील कार्यालयात अर्ज केल्यावर ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा हाती पडतो आणि पुष्कळ जण तेथेच थांबतात. या शेऱ्याचा अर्थ एवढाच असतो की अर्जात लिहिलेल्या नावाने, अर्जात लिहिलेल्या गावात आणि सालात ती नोंद दिसली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत या तीनपैकी एखादी गोष्ट, कधी तिन्ही, अर्जात चुकीच्या लिहिलेल्या असतात. म्हणून दप्तरखान्यात जाण्यापूर्वीच या तिन्हींची फेरतपासणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीही गावोगाव जन्ममृत्यूच्या नोंदी होत असत. त्या ज्या वहीत होत तिला महसुली भाषेत गाव नमुना नंबर चौदा आणि बोलीत कोतवाल बुक म्हणतात. विदर्भात हीच वही कोतवाल पंजी या नावाने ओळखली जाते. जुन्या वह्या सहसा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. काही गावांच्या वह्या तलाठी दप्तरात किंवा ग्रामपंचायतीतही राहिलेल्या आढळतात. म्हणून तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे विचारणा करावी आणि प्रत्येक ठिकाणचे उत्तर लेखी घ्यावे.

नोंद कोणाच्या नावाने असते

या वहीत जन्माची तारीख, बापाचे नाव, जात, अपत्य मुलगा की मुलगी, आणि कोठे कोठे खबर देणाराचे नाव असे रकाने असतात. जन्माची खबर बारशाच्या आधीच दिली जात असे, त्यामुळे मुलाचे नाव बहुधा लिहिलेलेच नसते. नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. पणजोबांच्या नावाने शोधणाऱ्याला काही सापडत नाही याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. शोध त्यांच्या वडिलांच्या नावाने घ्यावयाचा असतो, आणि तोही एका सालापुरता घेऊन उपयोग नाही. अर्जात ‘अमुक बिन अमुक यांना सन १९१२ ते १९३० या काळात झालेल्या सर्व अपत्यांच्या जन्माच्या व मृत्यूच्या नोंदी’ अशी मागणी करावी. मग घरातील भावंडांचा क्रम, त्यांतील मुलगे किती व मुली किती, कोण कोणापेक्षा मोठे, हे एका कागदावर मांडून त्याच्याशी वहीतील नोंदी ताडून पाहाव्यात. चार भावंडांचा क्रम जुळला की पाचव्याची तारीख आपोआप ठरते.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. त्या काळी बालमृत्यू फार होते, आणि वहीतील पहिला ‘मुलगा’ हा आपला पूर्वज नसून त्याच्या आधी जन्मून लहानपणीच गेलेला भाऊ असू शकतो. म्हणून एखादी जन्मनोंद सापडल्याबरोबर तिच्यावर समाधान मानू नये. त्याच वहीतील पुढील पाच-सात वर्षांच्या मृत्यूनोंदी त्याच बापाच्या नावाने वाचाव्यात. धोंडू, दगडू, केरू, भिकाजी अशी नावे घराण्यात असतील तर हे विशेष जपावे, कारण आधीची मुले न जगल्यावर पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये या भावनेने अशी नावे ठेवण्याची रीत होती, आणि तोच मुलगा पुढे शाळेत वेगळ्याच नावाने दाखल झालेला असू शकतो.

आडनावावर फार विसंबू नये. जुन्या नोंदींत पुष्कळदा माणसाचे नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते; आज जे घर गावाच्या नावावरून आडनाव लावते ते शंभर वर्षांपूर्वी पाटील, चौगुले किंवा नुसत्या जातीच्या उल्लेखाने नोंदले गेलेले असते. ‘बिन’ आणि ‘वल्लद’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ म्हणजे बायको, ‘मयत’ म्हणजे हयात नसलेला, एवढी शब्दसामग्री पाठ असली तरी पाने भराभर वाचता येतात.

गाव कोणते

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडील प्रथा वंशावळीच्या शोधात फार महत्त्वाची ठरते. पूर्वज हे आईचे पहिले किंवा दुसरे अपत्य असतील तर त्यांची नोंद वडिलांच्या गावी असण्यापेक्षा आजोळी असण्याची शक्यता अधिक असते, आणि तेथील वहीत खबर देणारा म्हणून आजोबांचे किंवा मामाचे नाव असते. म्हणून पणजीचे माहेर कोणते हे आधी विचारून घ्यावे. घरातील वृद्ध स्त्रियांना ही माहिती पुरुषांपेक्षा नेमकी असते, हा माझा सततचा अनुभव आहे. पणजीचीच जन्मनोंद हवी असेल, तर तिचे लग्नानंतरचे नाव पूर्णपणे बाजूला ठेवून तिच्या वडिलांच्या नावाने तिच्या माहेरगावी शोध घ्यावा.

गाव ठरले तरी ते त्या काळी कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात आणि कोणाच्या अमलाखाली होते हे पाहिल्यावाचून दप्तर सापडत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच वर्षी झाला, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार १९९८ मध्ये, तर पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. सांगली हा जिल्हा पूर्वी दक्षिण सातारा या नावाने होता. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, सावंतवाडी ही संस्थाने १९४८ च्या सुमारास मुंबई प्रांतात विलीन झाली आणि कोल्हापूर १९४९ मध्ये. त्यांच्या हद्दीतील गावांची जुनी कागदपत्रे शेजारच्या ब्रिटिश मुलखातील गावांच्या कागदपत्रांसारखी असतीलच असे नाही. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तेथे उर्दू वाचणाऱ्याची मदत घ्यावी लागते. कोयना, उजनी किंवा जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत पुनर्वसनाचे गाव आणि मूळ गाव, दोन्हींच्या तालुक्यांत विचारावे.

साल कसे निश्चित करावे

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख अंतिम मानण्याची चूक फार सर्रास होते. दाखल्यावर १ जून ही तारीख असेल तर ती गुरुजींनी सोयीने घातलेली आहे असे समजूनच पुढे जावे, कारण जूनमध्ये प्रवेश देताना वय पुरे भरावे म्हणून ही तारीख लिहिण्याची पद्धतच पडून गेली होती. अशा दाखल्याच्या आधीची आणि नंतरची निदान तीन-तीन वर्षे शोधात धरावीत.

तरीही शाळेचे दप्तर अतिशय मोलाचे आहे. दाखल्याच्या प्रतीपेक्षा मूळ जनरल रजिस्टर पाहण्याची परवानगी मागावी. त्यात जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण असते, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात आजोळचे गाव पाहायला मिळाले तर गावाचा प्रश्नही सुटतो. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्याआधी मुंबई प्रांतातील पुष्कळशा प्राथमिक शाळा लोकल बोर्डाच्या होत्या, पण त्यांची रजिस्टरे सहसा आजच्या जिल्हा परिषद शाळेतच जपून ठेवलेली असतात.

तोंडी आठवणींनाही साल असते, फक्त ते घटनेच्या रूपात असते. ‘मानमोडीच्या साथीत आई गेली तेव्हा ते रांगत होते’ हे वाक्य १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीकडे बोट दाखवते. ‘गांधीवधाच्या वेळी चौथीत होते’, ‘रझाकारांच्या धामधुमीत लग्न झाले’, ‘कोयनेच्या भूकंपाला थोरला दहा वर्षांचा होता’ अशी वाक्ये ऐकताच जशीच्या तशी लिहून ठेवावीत. अर्थ नंतर लावता येतो, पण मूळ शब्द एकदा निसटले की त्यांच्या जागी ऐकणाऱ्याचा अंदाज येऊन बसतो.

जन्मपत्रिका किंवा ज्योतिषाने केलेले टिपण घरात असेल तर शकाचे साल इसवी सनात आणावे. शकात ७८ मिळवावेत. जन्म जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा असेल तर ७९. हैदराबाद संस्थानातील कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळमानाने येतो. पत्रिकेत वार आणि तिथी दोन्ही असतात, आणि जुन्या पंचांगावरून त्यांचा मेळ बसतो की नाही हे पडताळता येते. मात्र पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. मध्यरात्रीनंतर पण उजाडण्यापूर्वी झालेला जन्म पत्रिकेत आदल्या वारी आणि सरकारी वहीत पुढच्या तारखेला असू शकतो. एवढ्या एका दिवसाच्या फरकावरून दोन नोंदी वेगळ्या माणसांच्या ठरवू नयेत.

पान फाटले असेल, वहीच नसेल तर

वाळवी, पाणी, आग यांनी काही वह्या खरोखरच नष्ट झाल्या आहेत. अशा वेळी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो जमिनीचा कागद. वडील मयत झाल्यावर वारसनोंदीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद, होतो आणि त्यात वारसांची नावे क्रमाने येतात. एखादा वारस त्या वेळी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला, असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असे लिहून आईचे किंवा चुलत्याचे नाव घातलेले असते. १९३१ च्या फेरफारात पणजोबा अज्ञान असतील तर त्यांचा जन्म १९१३ च्या आधीचा नसावा, आणि पुढे पालनकर्त्याचे नाव कमी करणारा फेरफार १९३८ चा असेल तर तो १९२० च्या फार नंतरचाही नसावा. दोन फेरफारांनी असा सात वर्षांचा टप्पा हाती येतो, आणि मग शाळेचा दाखला व घरातील आठवणी त्याला आणखी आवळत आणतात. जुन्या फेरफारांना ‘ड पत्रक’ म्हणूनही ओळखतात. ते तलाठी किंवा तहसील कार्यालयात मागावेत. अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही उपलब्ध झाले आहेत. ज्यांच्या घरी जमीन नव्हती त्यांना हा मार्ग मिळत नाही, ही या साधनाची खरी उणीव आहे. त्यांनी शाळेच्या रजिस्टरावर आणि मृत्यूनोंदीतील वयावर अधिक भर द्यावा.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये गाव आणि आडनावाप्रमाणे यात्रेकरूंच्या नोंदी असतात. त्यांत जन्मतारीख मिळत नाही, परंतु अमुक सालच्या यात्रेत मुलांची नावे कोणती होती हे कळते. दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यांची नावे सांगत फिरणारे हेळवी याच कामी उपयोगी पडतात. ख्रिस्ती घराण्यांनी प्रथम चर्चचे बाप्तिस्मा रजिस्टर पाहावे. वसई आणि गोव्यात तर शोधाची सुरुवातच तेथून करावी. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांसाठी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारबद्ध मजुरांच्या आगमनाची दप्तरे आहेत. त्यांतील वयावरून जन्मसाल आणि मूळ गावाच्या उल्लेखावरून इकडचा तालुका शोधता येतो.

वाचन, नकला आणि टिपणे

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतील वह्या बहुधा मोडी लिपीत आहेत. पूर्ण मोडी शिकण्यास वेळ नसेल तरी वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, गाव आणि जात एवढे चार शब्द मोडी जाणकाराकडून वेगवेगळ्या हातांच्या वळणांत लिहून घ्यावेत आणि ती आकृती पानावर शोधावी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही व शब्द एकमेकांना चिकटून येतात, हे ध्यानात ठेवावे. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यानंतर अनेक जिल्हा प्रशासनांनी सापडलेल्या नोंदींच्या प्रती आपापल्या संकेतस्थळांवर ठेवल्या आहेत. तेथे मुख्यतः कुणबी उल्लेखाची पानेच निवडलेली असतात, पण त्याच पानावर शेजारच्या घरांच्या नोंदीही येतात, म्हणून इतर समाजांनीही आपल्या गावाची पाने अवश्य पाहावीत.

वही दाखवण्यास टाळाटाळ होत असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा आणि माहितीऐवजी अभिलेखाचे अवलोकन मागावे. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. नोंद सापडल्यावर तेवढ्याच ओळीची नक्कल न घेता, वहीचे मुखपृष्ठ, रकान्यांची शीर्षके आणि मागचे-पुढचे पान यांची छायाचित्रे घेण्याची परवानगी मागावी, आणि प्रमाणित नकलेवर शिक्का, सही व तारीख आहे ना हे कार्यालयातच तपासावे. नोंद खरोखर नसेल तर निबंधकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे. निव्वळ वंशावळीसाठी शोध घेणाऱ्यांनी मयत पूर्वजाची विलंबित जन्मनोंद करून घेण्याच्या मागे लागू नये. नव्याने केलेल्या नोंदीने जुन्या पुराव्यात भर पडत नाही आणि पुढच्या संशोधकाची मात्र दिशाभूल होते.

वंशावळीत साल लिहिताना ‘जन्म १९१७ ते १९२०, आधार : १९३१ व १९३८ चे फेरफार, शाळेचे जनरल रजिस्टर’ असे आधारासह लिहावे, आणि कोणत्या गावची कोणती वही, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहिली, त्यांतील कोणती पाने गहाळ होती, याची यादी तारखेसह त्याच फाइलमध्ये ठेवावी.