पोटावरची पिशवी आणि इंदूरचा उन्हाळा: पाणी, मीठ आणि त्वचा कशी सांभाळावी

बाबांचं मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर आणून लावलं. याला इलिओस्टोमी म्हणतात. पोटावरच्या त्या टोकाला स्टोमा म्हणतात, आणि त्यातून येणारा पातळ मल वरून चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो. घरात सगळ्यांनी पिशवीचाच धसका घेतला होता, पण आम्हाला गाठलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मे महिन्यात रामबागेत एक लग्न होतं. तिथे पिशवी भरायला नको म्हणून बाबांनी सकाळपासून पाणीच घेतलं नाही. दुपारी पोटऱ्यांत गोळे आले, जीभ चामड्यासारखी कोरडी पडली, लघवी गडद पिवळी झाली. थेट सलाईन लावावं लागलं. सुट्टी देताना आम्हाला हे कुणी नीट समजावलंच नव्हतं, म्हणून लिहितेय.

आधी मोजायला शिका. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, आणि तीही मापाच्या मगात. वहीत आकडा लिहायचा. तब्येत स्थिरावल्यावर दिवसाला साधारण 500 ते 1000 मिली येतं. दीड लिटरच्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मग पिण्याकडे वळा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पाणी आणि मीठ शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. ते नसलं की दोन्ही पिशवीत जातं. अशा वेळी नुसतं पाणी तांब्याभर प्यायलं तर शरीरातलं मीठ आतड्यात ओढलं जातं आणि पिशवी आणखी भरते. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, अंदाजानं ग्लासात चिमूट टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दिवसभर घोट घोट घ्या. आपली इंदुरी शिकंजी दुधाची आणि गोडमिट्ट असते, ती तहानेवर उपाय नाही. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

खाण्याचं म्हणाल तर पोहे, मऊ भात, केळं यांनी पातळपणा कमी होतो. पोह्यांवरचा कच्चा कांदा मात्र नको. भुट्ट्याचा कीस, ओलं खोबरं, शेंगदाणे, मशरूम पहिले सहा-आठ आठवडे बंद, कारण ते अडकतात. नंतर एकेक पदार्थ, थोडासा, बारीक चावून. लहान आतड्याचा शेवटचा भागही काढला असेल तर बी-12च्या इंजेक्शनबद्दल विचारून घ्या. गोळी पिशवीत अख्खी दिसली तर तेही सांगा.

त्वचेकडे रोज बघा. बाबांच्या स्टोमाखाली चंद्रकोरीसारखा लाल, ओलसर पट्टा उठला होता, नुसता टॉवेल लागला तरी ते कळवळायचे. पहिल्या दोन महिन्यांत स्टोमा आकसतो आणि आम्ही पिशवीच्या, त्वचेला चिकटणाऱ्या चकतीचं भोक जुन्याच मापानं कापत होतो. दर वेळी नव्यानं मोजा, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. कोमट पाण्यानं पुसून पूर्ण कोरडं करा. तेल, क्रीम लावू नका, चकती धरत नाही. घामानं ती लवकर सुटते, तेव्हा उन्हाळ्यात एक जास्तीची पिशवी सोबत हवीच. वापरलेली पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळा आणि कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यात द्या.

स्टोमा लाल-गुलाबी, ओला असावा. काळा-जांभळा पडला, किंवा चार-सहा तास पिशवीत काहीच न येता पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर लगेच दवाखाना गाठा. पोट साफ होत नाही असं समजून एरंडेल किंवा जुलाबाचं औषध कधीच देऊ नका. सुट्टीच्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. रात्री ड्यूटीवरचे डॉक्टर आधी हेच विचारतात, आतडं नेमकं कुठलं आणि किती काढलंय?