शोधपथकात नव्याने येताय?

डोंगर-जंगलातल्या शोध आणि बचाव पथकात येणारे बरेच जण दोराच्या ओढीने येतात. कड्यावरून स्ट्रेचर उतरवतानाचं चित्र डोळ्यांसमोर असतं. ते शिकायला मिळतं, पण सावकाश. आधी बराच काळ नकाशा, होकायंत्र, वायरलेस, प्रथमोपचार आणि ओझं घेऊन चालणं यातच जातो, आणि मला ते योग्य वाटतं. त्याहीआधी एक सवय लावून घ्या: आपण काय शोधलं आणि काय शोधायचं राहिलं, ते जसंच्या तसं सांगायचं.

शोध सुरू होतो माणूस शेवटचा दिसला तिथून. ओढे, सोंडा, पायवाटा यांच्या आधाराने नकाशावर भाग पाडले जातात आणि तो कुठल्या भागात असण्याची शक्यता किती, हे ठरवलं जातं. (या विचारामागचं गणित दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधावर काम करताना बर्नार्ड कूपमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं.) एखादा भाग रिकामा निघाला की त्याची शक्यता घटते आणि बाकीच्यांची वाढते. किती घटवायची, हे तुमच्या सांगण्यावर ठरतं. ‘घळीच्या उजव्या अंगाला काटेरी जाळी होती, आत शिरता आलं नाही, बाहेरून हाका मारल्या,’ असं सांगितलंत तर तिथे कुत्रा घेऊन दुसरी तुकडी पाठवता येते. नुसतं ‘भाग झाला’ म्हणालात तर त्या जाळीकडे लवकर कोणी फिरकणार नाही. पाय भरून आलेले असतात, बेसवर, म्हणजे शोधाच्या तळावर, हरवलेल्याच्या घरची माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात. अशा वेळी ‘झाला’ फार पटकन निघून जातं.

रांगेत शोधताना थोड्या थोड्या अंतराने मागे वळून बघा. दगडाच्या आडोशाला बसलेला माणूस चढताना दिसत नाही, वरून दिसतो. हाक मारल्यावर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. जॅकेटची सळसळसुद्धा नको, कारण येणारं उत्तर कण्हण्याइतकंच असू शकतं. डोंगरातला संकटाचा जुना इशारा मिनिटाला 6 शिट्ट्या किंवा प्रकाशाचे झोत, मग मिनिटभर थांबणं असा आहे. उत्तर मिनिटाला 3 वेळा देतात. मात्र लहान मूल घाबरून लपून बसतं, अनोळखी हाकेला ओ देत नाही. स्मृतिभ्रंश झालेली वयस्क माणसंही बरेचदा गप्प राहतात, झाडीत अडकेपर्यंत चालत जातात. यांच्यासाठी कानांवर विसंबू नका, प्रत्येक झुडपाखाली वाकून बघा. बुटाचा ठसा, बाटली, कापडाचा तुकडा दिसला तर हात न लावता जागा कळवा.

माणूस सापडला की घाई वाढते, आणि तिथेच सावध राहावं लागतं. शरीराचं आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात. तो वाढलेला असेल तर नुसत्या धसमुसळ्या हालचालीनेही हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सापडलेल्या माणसाला आडवं ठेवा, जमिनीपासून अंगाखाली जाडसर काहीतरी घाला, ओले कपडे उतरवायचे तर कापून काढा, उठवून चालवू नका. पुढे स्ट्रेचर उचलायला एका वेळी 6 जण लागतात आणि खडबडीत वाटेवर ते लवकर दमतात, म्हणून बदलीच्या तुकड्या लागतात. नव्या माणसाची खरी गरज इथे पडते.

प्रत्येक शोध जिवंत माणसापाशी थांबत नाही. त्यानंतरच्या बैठकीला जरूर बसा आणि झोप उडाली असेल तर पथकातल्या कोणाला तरी सांगा. आपण आजारी असू, झोप झालेली नसेल, तर आलेल्या कॉलला स्पष्ट ‘नाही’ म्हणा; अर्धवट अंगाने गेलेला माणूस दुसऱ्यांना अडकवतो.

सुरुवातीला एखाद्या शोधात बेसवरचं नोंदीचं काम मागून घ्या. परतलेल्या तुकड्या काय सांगतात आणि त्यावरून नकाशावरचे पुढचे भाग कसे ठरतात, ते तिथे समोर दिसतं. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः जाळीपाशी उभे असाल, तेव्हा काय टिपून घ्यायचं हे कोणी सांगावं लागणार नाही.