फिल्डवर एक्सआरडी नेताय? या चुका टाळा

एक्सआरडी म्हणजे पुडीवर क्ष-किरण सोडून, आलेखातल्या शिखरांच्या कोनांवरून खनिजं ओळखणारं यंत्र. वणीजवळच्या कॅम्पात एका विद्यार्थ्याने संध्याकाळी त्याचा आलेख पुढे केला. "सर, डोलोमाइट मिळाला!" तो नमुना मी स्वतः फोडला होता. गोंडवाना वालुकाश्म, बोटांनी चोळला की वाळू सुटत होती. पण आलेखात 31 अंशांवर ठसठशीत शिखर होतं आणि 24 च्या आसपासचं छोटंही डोलोमाइटशी बऱ्यापैकी जुळत होतं. पुडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. डोलोमाइट हे कार्बोनेट खनिज, त्याची पूड फसफसते. ही ढिम्म.

आमच्या यंत्रात कोबाल्टची नळी आहे, किरणांची तरंगलांबी 1.79 अँगस्ट्रॉम (अतिसूक्ष्म लांबीचं एकक). बेसॉल्ट, जांभा अशा लोहाच्या खडकांना तीच बरी, कारण तांब्याच्या किरणांनी लोह स्वतःच क्ष-किरण सोडू लागतं. लॅबमधली नळी मात्र तांब्याची, 1.54 ची. वाळूतल्या क्वार्ट्झचं मुख्य शिखर तांब्यावर 26.6 अंशांना येतं, कोबाल्टवर 31 ला. पोराने सॉफ्टवेअरमध्ये तांबं तसंच राहू दिलं होतं, आणि तांब्याच्या हिशेबात 31 म्हणजे डोलोमाइट! तीन दिवसांचे नमुने त्याने असेच वाचले होते. रात्री जागून सगळे पुन्हा वाचले.

तेव्हापासून रोज सकाळी मी पहिला नमुना शुद्ध क्वार्ट्झचा लावतो. सॉफ्टवेअरने मुख्य शिखर 3.34 अँगस्ट्रॉम (अणूंच्या थरांमधलं अंतर) असं वाचलं नाही, तर पुढचा नमुना लावू देत नाही. फाइलच्या नावातही 'कोबाल्ट' लिहायला लावतो.

दुसरी चूक घाईची. नवीन मुलांना खल फिरवायचा कंटाळा येतो, चाळणीचा त्याहून जास्त. नमुना लागतो जेमतेम 15 मिलिग्रॅम, पण तो 150 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेलाच हवा. यंत्रातली नमुन्याची कुपी थरथरते, कण उलटसुलट फिरतात, म्हणून प्रत्येक दिशेचं प्रतिबिंब मिळतं. जाड कण नीट फिरत नाहीत आणि शिखरांच्या उंच्या खोट्या येतात. नासाचं क्युरिऑसिटी यान 2012 मध्ये मंगळावर उतरलं, त्याच्या एक्सआरडीतही सुरुवातीची काही वर्षं पूड 150 मायक्रॉनला चाळूनच जायची. आपण तर झाडाखाली बसलेलो असतो, आपल्याला कसली एवढी घाई? मी आलेखाआधी डिटेक्टरचं चित्र बघतो. सलग कंस असले तर ठीक, ठिपके दिसले तर खल पुन्हा हातात.

कुपी गच्च भरू नका, पूड हलायला जागा हवी. कोकणात पावसाळ्यात पूड ओल धरते आणि कुपीच्या खिडकीला चिकटते, आधी वाळवा. काचेसारख्या पदार्थाला शिखरं नसतात, नुसता फुगवटा दिसतो. त्याला 'रिकामा नमुना' म्हणून टाकून देऊ नका.

काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट या चिकणमातीच्या खनिजाचं शिखर कोबाल्टवर 7 अंशांच्या आसपास, यंत्राच्या मोजणीच्या पट्ट्याच्या अगदी कडेला येतं. त्यावर फिल्डमध्ये मी निकाल देत नाही. नमुना पिशवीत भरून लॅबमध्ये आणतो आणि ग्लायकॉलच्या वाफेवर ठेवून मगच वाचतो.